धोंडोपंत, धोंडिबा आणि धोंड्या

पत्रिकेत ‘ध’ अक्षर निघालं की हल्लीचे आईबाप ध्रुव, धैर्य, धनुष यांच्यापाशी थांबतात. धोंडू कुणी ठेवत नाही, आणि ठेवावं असं माझंही म्हणणं नाही. ज्याच्या घरचं बारसं त्यानं ठरवावं. माझं भांडण आहे ते होऊन गेलेल्या धोंडूंशी आपण जसे वागतो त्याबद्दल. त्यांना आपण एकतर हसतो, नाहीतर त्यांच्या नावावर पांघरूण घालतो. हसण्याची सोय विनोदी नाटकांनी आणि शाळेतल्या चुटक्यांनी फार पूर्वीपासून करून ठेवलेली आहे. घरगडी असला की तो धोंड्या, बावळट असला की दगडू. पांघरूण घालणारे जरा शिकलेले असतात. ते समजावून सांगतात, ‘धोंडो म्हणजे धोंडा नव्हे हो, ते धुंडिराजाचं बोलीतलं रूप.’

धुंडिराज काही खोटा नाही. काशीला विश्वनाथाजवळ ढुंढिराज गणपती आहे, आणि काशीयात्रेची ओढ असलेल्या घरांमधून ते नाव आपल्याकडे चांगलं रुळलं. दादासाहेब फाळके यांचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. एखाद्या घरात धुंडिराजाचा धोंडू झालाही असेल, हाका मारता मारता नावं झिजतातच. पण मग दगडूचं काय करायचं? केरूचं काय? भिकू, कचरू, उकिरडा यांना कुठल्या क्षेत्रातला कुठला देव शोधून द्यायचा? ही सगळी एका घरची भावंडं आहेत. त्यातल्या एकट्या धोंडूला काशीला पाठवायचं आणि बाकीच्यांना उकिरड्यावर सोडायचं, हा कुठला न्याय?

धोंडू म्हणजे धोंडाच. आणि ते नाव ठेवण्यामागे बहुतेक वेळा मरण असायचं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात हजार मुलं जन्मली तर त्यांतली दोनशेहून जास्त वर्षाच्या आत जात. देवी, गोवर, हगवण, नाळ कापतानाच लागलेला धनुर्वात. ‘मुलं जगत नाहीत’ हे वाक्य तेव्हा घरोघर ऐकू येई, आणि ते बोलणाऱ्या बाईकडे जंतूंचं शास्त्र नव्हतं. तिच्याकडे दृष्ट होती, सटवाई होती, आणि ‘कुणाच्या तरी डोळ्यांत येतं’ ही पक्की समजूत होती. पाठोपाठ दोन-तीन गेली की पुढच्या खेपेला ती युक्ती करायची. जन्मलेलं मूल आधी उकिरड्यावर टेकवायचं. सुपात केरावर निजवून सूप अंगणातून फिरवायचं. शेजारणीच्या ओटीत टाकायचं आणि तिला मूठभर कोंडा देऊन ते तिच्याकडून ‘विकत’ घ्यायचं. मुलगा असला तर नाक टोचून नथ घालायची, म्हणजे नेणाऱ्याला ती मुलगी वाटावी. नावं मग या करण्यावरूनच पडायची. केरावर निजवलेला केरू, कोंड्यावर घेतलेला कोंडू, पदर पसरून मागितलेला भिकू, नाक टोचलेला नथू. यातलं सर्वांत कुप्रसिद्ध नाव १९१० साली बारामतीत जन्मलेल्या मुलाचं. त्याचं खरं नाव रामचंद्र होतं. आधीचे भाऊ गेले म्हणून त्याचं नाक टोचलं, आणि नथुराम हेच नाव इतिहासात गेलं.

या यादीत दगडाची गंमत अशी की तो दोन्ही बाजूंनी कामाला येतो. नेणाऱ्याला वाटावं की हा तर नुसता धोंडा, काय नेऊ? आणि घरच्यांची इच्छा अशी की धोंड्यासारखाच टिको. शिवाय बांधावरच्या धोंड्याला शेंदूर लावला की तो म्हसोबा होतो, हे ती नावं ठेवणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. दगडाला कमी लेखण्याची सवय त्या माणसांना नव्हती. ती आपल्याला शाळेनं लावली.

सगळेच धोंडू मरणाच्या भीतीतून आले असंही नाही. बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येतो. त्यालाच धोंड्याचा महिना म्हणतात. लग्नकार्यं बंद, जावयाला धोंड्यांचं आणि अनारशांचं वाण, आणि त्या महिन्यात मुलगा झाला तर धोंडू किंवा धोंडिबा. यात भीतीही नाही आणि नम्रताही नाही, नुसतं पंचांग आहे. सोमवारी जन्मला तो सोमा, तसंच हे. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. त्या महिन्यात महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांत एखादा धोंडू असेल असं मला वाटत नाही.

मुलाला मुद्दाम वाईट नाव ठेवून मृत्यूला चकवणं हा काही आपला एकट्याचा अडाणीपणा नाही. मंगोलियात ‘नेरग्वी’ नावाची माणसं भेटतात, त्याचा अर्थ ‘नाव नाही’. ‘एनेबिश’ म्हणजे ‘हा नव्हे’. मृत्यू दारात येऊन विचारेल, तेव्हा काय उत्तर द्यायचं ते नावातच तयार. हे समजून घ्यायला मानववंशशास्त्राचा अभ्यास लागत नाही, एक मूल गेलेलं पुरतं.

‘अंधश्रद्धाच आहे ही, तिचं समर्थन कशाला?’ असं कुणी म्हणेल. समर्थन मी करतच नाही. नावानं कुणी वाचलं नाही. वाचवलं ते देवीच्या लसीनं, स्वच्छ पाण्यानं, दवाखान्यातल्या बाळंतपणानं. महाराष्ट्रात अर्भकमृत्यूचं प्रमाण २०२० मध्ये हजारी १६ वर आलं होतं. धोंडू हे नाव मागे पडलं त्याचं एक कारण हेही आहे, आणि इतकं चांगलं कारण क्वचितच एखाद्या नावाच्या वाट्याला येतं. पण ज्याचं काम संपलं त्याची टिंगल करायची, हे कुठून आलं?

त्याचं उत्तर नावाच्या अर्थात शोधायला गेलं की सापडत नाही. अर्थानंच कमीपणा येत असता तर हे नाव उच्चवर्णीयांच्या घरात शिरलंच नसतं. प्रत्यक्षात कोकणस्थांचे कुलवृत्तांत उघडले तर धोंडो, भिकाजी, केरो जागोजागी भेटतात. दुसऱ्या बाजीरावानं दत्तक घेतलेला, १८५७ मध्ये कानपुरात इंग्रजांविरुद्ध उभा राहिलेला नानासाहेब हा धोंडोपंत. टिळकांना डेक्कन कॉलेजात गणित शिकवणारे छत्रे यांचं नाव विनायक, पण सगळा महाराष्ट्र त्यांना केरूनाना म्हणायचा. ग्रहगणितातला एवढा मोठा माणूस, त्याच्या नावात केर आहे हे कुणाला बोचलं नाही. आणि १८५८ साली जन्मलेले, विधवेशी लग्न करून वाळीत पडलेले, १९१६ मध्ये स्त्रियांचं विद्यापीठ काढणारे, शंभराव्या वर्षी भारतरत्न झालेले कर्वे हे धोंडो केशव. आज रस्त्यांवरच्या पाट्यांवर ‘महर्षी कर्वे’ असतं, तेव्हा धोंडो दिसत नाही.

तो दिसतो एका वेगळ्याच जागी. मराठी माणूस वडिलांचं नाव मध्ये लावतो, त्यामुळे ठेवायचं बंद झालेलं नावही आणखी एक पिढी मधल्या अक्षरात टिकून राहतं. र. धों. कर्वे. ना. धों. ताम्हनकर. ना. धों. महानोर. संततिनियमनासाठी कोर्टकचेऱ्या सोसणारा एक, ‘गोट्या’ लिहिणारा दुसरा, पळसखेड्याच्या शेतातून कविता आणणारा तिसरा. तिघांचं गाव, काम, स्वभाव कशाचा कशाला मेळ नाही, आणि तिघांच्या मधोमध तेच ‘धों.’ अनुस्वार आणि टिंबासकट. मराठी वाचकानं ही अक्षरं हजारदा वाचली असतील, पण त्यांत कुणाला धोंडा दिसला नाही.

इथपर्यंत हिशेब सोपा आहे. अवघड पुढे होतो.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक, आणि ‘शूद्रस्य तु जुगुप्सितम्’, म्हणजे शूद्राचं किळस यावी असं. १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला जो ग्रंथ जाळला त्यातलाच हा श्लोक. तेव्हा ‘ही सगळी मायेनं ठेवलेली नावं आहेत’ असं सरसकट म्हणायला गेलं की गावकुसाबाहेरचा माणूस विचारणारच, कुणाच्या मायेनं? दगडू मारुती पवार या नावाचा मुलगा पुढे दया पवार झाला, आणि १९७८ साली आलेल्या ‘बलुतं’मध्ये त्यानं आपलं आयुष्य दगडूच्या तोंडून दयाला सांगितलं. एकाच माणसाची ही दोन नावं समोरासमोर बसवावीशी वाटणं, यातच सगळं आलं. त्याला जाऊन ‘अहो, दगड म्हणजे टिकाऊपणा’ हे ऐकवण्याची माझी हिंमत नाही.

पण त्याच सुमारास पुण्यात लोक दर्शनाला कुठे जात होते? दगडूशेठला. आजही जातात. लाखो माणसं ‘दगडूशेठ’ हे नाव हात जोडून घेतात. हे मिठाईचे व्यापारी होते. आपला मुलगा गेल्यावर त्यांनी गुरूंच्या सांगण्यावरून गणपती बसवला अशी कथा सांगतात. एक दगडू असा की त्याच्या नावानं गणपती ओळखला जातो, आणि दुसरा असा की त्याला ते नाव टाकावं लागलं. नाव तेच, अर्थ तोच. मग फरक कुठे आहे?

फरक शेवटी लागणाऱ्या शेपटात आहे. पंत, राव, शेठ, जी, बा, नाना, आणि उरलेल्यांसाठी ‘या’. कचेरीत बसला तो धोंडोपंत. पेढीवर बसला तो धोंडूशेठ. स्वतःच्या रानात राबला तो धोंडिबा. दुसऱ्याच्या रानात राबला तो धोंड्या. बाईचंही तसंच. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी यांचं नाव घेताना रसिकांची मान आपोआप लवायची, ती ‘ताई’ला. हाच धोंडू धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या वाट्याला आला असता तर ती धोंडी झाली असती. ‘या’ लावण्यात मुळात वाईट काही नाही, हेही सांगितलं पाहिजे. मित्र दिन्या म्हणतो, आजी बाळ्या म्हणते, त्यात लाडच असतो. बरोबरीनं किंवा मायेनं आला तर हा प्रत्यय गोड लागतो. मात्र वयानं थोरल्या माणसाला मालकाच्या पोरानं तो लावला, आणि त्या थोरल्यानं ‘जी’ म्हणून ओ दिली, की तीच अक्षरं कानशिलात बसतात. मनूच्या नियमाला महाराष्ट्रानं काढलेली ही पळवाट म्हणा किंवा त्याची अंमलबजावणी म्हणा. नाव सगळ्यांनी एकच वापरलं, मान मात्र शेपटाला बांधून मोजून वाटला.

म्हणून नावं ‘सुधारण्याच्या’ उत्साहाकडे मी जरा सावधपणे बघतो. सगळीकडे नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात नकुशी नावाच्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावं दिली, ते शंभर टक्के बरोबर होतं. नकुशी आणि धोंडू यांना एकाच टोपलीत टाकणारे लोक भेटतात, म्हणून हे फोडून सांगतो. धोंडू हे नाव नेणाऱ्याला फसवण्यासाठी होतं. घरच्यांना तो इतका हवा होता की हवा आहे हे उघड बोलण्याचीही त्यांना भीती वाटत होती. नकुशीत फसवणूक कसलीच नाही. घरच्यांना ती खरोखर नको होती, आणि तसं त्यांनी हजेरीपटावर लिहून ठेवलं. मुलग्याच्या वाईट नावात माया लपवलेली आणि मुलीच्या वाईट नावात तिरस्कार उघडा. नुसता शब्दार्थ पाहणाऱ्याला ही दोन्ही नावं ‘अपमानास्पद’ या एकाच रकान्यात दिसतात.

स्वतःहून नाव बदलणाऱ्यांबद्दल तर बोलायचा मला अधिकारच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धर्मांतर झालं, त्यानंतरच्या पिढीत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, गौतम, आनंद, प्रज्ञा ही नावं घरोघर आली. कुणी दिली नाहीत, लोकांनी घेतली. मराठीतला हा सर्वांत मोठा नामकरणविधी, आणि कमालीचा सुंदर. पण पुढे काय झालं तेही बघितलं पाहिजे. दहा-पंधरा वर्षांत वर्गातल्या, कचेरीतल्या माणसांनी मिलिंद आणि सिद्धार्थ या नावांवरून जात ताडायला सुरुवात केली. ज्या नावांत किळसवाणं काहीही नाही, ज्यांत एक राजा आहे आणि एक बुद्ध आहे, त्या नावांना तोच जुना स्वर चिकटला. तिरस्कार अर्थावर अवलंबून असता तर तो तिथे उपाशी मेला असता. तो मेला नाही.

गृहसंकुलाच्या फाटकाशी पाच मिनिटं उभं राहिलं तरी हे कळतं. रखवालदाराचं नाव आता धोंडू नसतं. संदीप असतं, राजेंद्र असतं, साक्षात राजांचा राजा. साठीला आलेला असतो. आणि गाडीची काच खाली करून पंचविशीतलं कुणीतरी म्हणतं, ‘ए राजू, ते पार्सल वर पाठव.’ त्याच फाटकातून आत येणारा दुसरा राजेंद्र मात्र ‘राजेंद्रजी’ असतो. शेपटाची वाटणी अजून चालू आहे, फक्त आता ती ‘जी’ आणि ‘ए’ यांच्यात होते.

नव्या नावांच्या बाजारात वेगळीच तऱ्हा. धोंडू टाकून आपण जे उचललं त्याचे अर्थ मोबाइलवरच्या याद्या सांगतात, आणि त्या याद्यांना कशाचाच धरबंध नाही. रेयांश म्हणे विष्णूचा अंश. ‘रेय’ हा विष्णू कुठला? इंग्रजीतला ‘रे’ आणि संस्कृतातला ‘अंश’ यांचं लग्न लावलं की झालं. नाव कानाला गोड आहे, ठेवा की खुशाल. नावाला अर्थ असलाच पाहिजे असा कायदा नाही. पण बनावट संस्कृताला अभिमानानं मिरवायचं आणि ज्या नावामागे खरोखरची हकीकत आहे त्याची लाज धरायची, हे मला उलटं वाटतं. धोंडूच्या अर्थाची खात्री करायला पंडित लागत नाही, त्याच्या आईला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

ही लाज लग्नपत्रिकेत अगदी जवळून बघायला मिळते. पणजोबांच्या सातबाऱ्यावर, जुन्या शाळेच्या दाखल्यावर ‘धोंडू’ असतं. आजोबांच्या उत्तरकार्याच्या पत्रिकेत वडिलांचं नाव ‘धोंडिराम’ छापतात. नातवाच्या लग्नात तेच ‘कै. धुंडिराज’ होऊन येतं, सोनेरी शाईत. मेलेल्या माणसाचं तीनदा बारसं, आणि त्यानं यातलं एकही मागितलेलं नव्हतं. दगडूचा दया झाला तेव्हा तो निर्णय दगडूचा होता. इथे निर्णय पणतवंडांचा आणि छापखान्यात मजकूर टाइप करणाऱ्याचा. हल्ली कुटुंबांचे गट करून वंशावळी जमवण्याची हौस वाढली आहे, तिथेही हेच चाललंय. जुन्या वहीतला ‘भिकू’ टाइप होताना ‘भिकाजीराव’ होतो, उकिरडा नावाचा पूर्वज तर सरळ गळतो.

मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्यांच्या नोंदीत बाळाच्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव येईल. चांगला निर्णय आहे, उशिरा आलेला. म्हणजे नावांच्या नोंदीत काय राहतं आणि काय गळतं याचा विचार सरकारसुद्धा करू लागलं आहे. वंशावळ छापणाऱ्यांनी तेवढं तरी करावं. धोंडो असेल तर धोंडोच छापावा, कंसात धुंडिराज घालू नये. कागदावर केरू असेल तर केरू. आणि पाठोपाठ मुलं गेल्यामुळे ते नाव पडलं असेल, तर धोंडूच्या आधी जन्मून गेलेल्या त्या भावंडांचा शोध घ्यावा. बहुतेक वंशावळींत त्यांच्यासाठी ‘बालपणी वारले’ एवढे दोन शब्द असतात, आणि मुली असतील तर तेवढेही नसतात.